नेटवर जमतं, टीवर हरवतं: गोल्फ स्विंगचा नेहमीचा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

सरावात स्विंग छान बसतो आणि स्कोअर मोजायला लागलं की तोच स्विंग हरवतो. माझ्याबरोबर खेळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सगळ्यात जास्त वेळा निस्तरलेला बिघाड हाच आहे, आणि गोव्यात तो जरा जास्तच दिसतो. इथे गोल्फची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी, तीही बहुतेक हॉटेलांच्या आवारात. फोंड्याचा किंवा डिचोलीचा माणूस घरामागे माडांच्या मध्ये नेट बांधून कित्येक आठवडे चेंडू मारतो आणि मग एखाद्या रविवारी काणकोणला, राजबागेच्या नऊ होलांच्या मैदानावर जातो. इतक्या दिवसांनी मिळालेला खेळ म्हटल्यावर प्रत्येक फटक्याला परीक्षेचं वजन येतं. "ताई, काल घरी एकही चेंडू वाकडा गेला नाही हो," हे मी पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) सतत ऐकते, आणि ते खरंच असतं.

पुढे बहुतेकजण थेट स्विंगलाच हात घालतात. व्हिडिओ बघून मनगट बदलतात, मग खांदा, आणि महिनाभराने नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) घेतात. माझं ठाम मत असं की यातल्या बऱ्याच जणांचा स्विंग बिघडलेला नसतोच. बदलत असते ती प्रत्येक चेंडूआधीची तयारी आणि त्या क्षणी मनात चाललेली गोष्ट. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि खर्चाचं काम शेवटी येतं. एक तपासणी पुरी झाल्याशिवाय पुढची हातात घेऊ नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलट्या घ्याव्यात.

लक्षणं

– चेंडू नसतानाचा स्विंग सैल आणि संथ असतो, चेंडू ठेवला की तोच आखूड आणि घाईचा होतो.
– चुका दोन्ही बाजूंना होतात. एक चेंडू उजवीकडे वळून माडांत, पुढचा सरळ डावीकडे. एकदा क्लब चेंडूच्या आधी जमिनीत रुततो, एकदा चेंडूच्या डोक्यावर लागतो.
– पहिले होल बरे जातात, मग एक फटका फसतो आणि त्याच्या पाठोपाठ आणखी दोन-तीन.
– समोर पाणी, बंकर (वाळूचा खड्डा) किंवा बघणारी माणसं असली तरच बिघडतं.
– तीन फुटांच्या पटला (भोकाकडे चेंडू हलकेच लोटायच्या फटक्याला) हात जड होतो.
– ऊन डोक्यावर आलं की शेवटच्या होलांवर सगळंच ढिलं पडतं.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक लक्षण मी मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. चेंडू नेहमी उजवीकडेच वळत असेल, नेटवरही आणि मैदानावरही, तर त्याला मनाचा बिघाड म्हणू नका. चेंडू कुठल्या दिशेने निघतो हे मुख्यतः क्लबचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) ठरवतो, आणि तो किती वळतो हे फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. एकसारखी चूक म्हणजे एकसारखा स्विंग! तिसरी तपासणी तेवढी करून बघा, नाहीतर सरळ प्रशिक्षकाकडे जा.

आपली चूक एकसारखी की विखुरलेली हे आठवणीवर ठरवू नका, कारण आठवणीत फक्त सगळ्यात वाईट फटका राहतो. स्कोअरकार्डाच्या मागे प्रत्येक फटक्याला एक अक्षर लिहा: उजवीकडे गेला तर उ, डावीकडे डा, आधी जमीन लागली तर ज, चेंडूच्या डोक्यावर लागला (टॉप) तर टॉ. फटका मारताना घाई किंवा शंका वाटली असेल तर त्या अक्षराभोवती गोल करा. दोन-तीन फेऱ्यांची अशी कार्डं जमली की गोल केलेली अक्षरं आणि फसलेले फटके कुठे एकत्र येतात ते आपोआप दिसतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला ही कार्डं लागतील.

पहिली तपासणी: पाणी, पोट, ऊन

याला एक पैसाही लागत नाही आणि कोणीच याच्यापासून सुरुवात करत नाही. नऊ होल दोनदा खेळायचे तर चार तासांच्या वर जातात. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहतं. पाय दमल्याचं कळतं, पण लक्ष विखुरायला लागलेलं कळत नाही, ते आधी जातं. निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी, मग तहान असो-नसो दर होलला दोन घोट. अधल्या-मधल्या वेळेला पेज उत्तम: मीठ आहे, पाणी आहे, पोटाला जड नाही. शहाळंही चालतं. शीत-कडी आणि तळलेला मासा खेळ संपल्यावर खा, आणि बिअरही तेव्हाच.

कार्डांवर पहिल्या चार होलांची आणि शेवटच्या चार होलांची अक्षरं शेजारी ठेवून बघा. बिघाड फक्त शेवटी असेल तर बाकीच्या तपासण्या बाजूला ठेवा आणि सकाळची सगळ्यात लवकरची वेळ मागून घ्या.

इथे आणखी एक समज मोडायला हवा. दमट हवा 'जड' असते, म्हणून फटक्याला जास्त जोर लावायचा असं इथे बरेचजण मानतात. प्रत्यक्षात त्याच तापमानाला बाष्पाने भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. जड झालेलं असतं आपलं अंग. चेंडू आखूड पडत असेल तर बहुतेक वेळा दुपारच्या सुमाराला समुद्रावरून सुटणारा वारा किंवा आपलंच दमणं त्याला कारण असतं, आणि दोन्हींवर उपाय एक नंबर लांबचा क्लब (सातऐवजी सहा) घेऊन तोच स्विंग करणं हा आहे.

दुसरी तपासणी: हातमोजा आणि ग्रिप

ओल्या ग्रिपवर (क्लबच्या मुठीवर) हात आपोआप आवळतो. हात आवळला की कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, मनगट मोकळं राहत नाही, बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) आखूड होतो आणि खाली येताना घाई होते. पहिल्या लक्षणाचं मूळ कित्येकदा इतकंच असतं, आणि माणूस मात्र 'मला टेन्शन येतं' म्हणत राहतो.

ग्रिप कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, ब्रशने घासा, पुसून सावलीत वाळवा. समुद्राजवळ खेळणाऱ्यांनी हे वरचेवर करावं. घाम, सनस्क्रीन आणि खारा दमटपणा यांचा चिकट थर साठला की रबर गुळगुळीत होतं. बॅगेत दोन हातमोजे ठेवा आणि आलटून-पालटून वापरा, एक बॅगेला अडकवून वाळत राहील. एक कोरडा पंचाही हवाच. मग पकडीचा जोर एक ते दहामध्ये मोजायचा. दहा म्हणजे जितकं आवळता येईल तितकं. चारच्या आसपास धरा आणि मुख्य म्हणजे फटका संपेपर्यंत तो आकडा तोच ठेवा. सुरुवातीला चार आणि चेंडूजवळ आठ, हीच खरी गडबड असते.

तिसरी तपासणी: नेम

छत्रीची जुनी काडी, वेळूची काठी, काहीही चालेल. नेहमीसारखे उभे राहा आणि सोबत्याला काठी तुमच्या चवड्यांना लावून जमिनीवर ठेवायला सांगा. मग मागे जाऊन ती कुठे रोखलेली आहे ते बघा. आपण झेंड्याकडे उभे आहोत अशी खात्री असलेला माणूस बहुधा झेंड्याच्या बराच उजवीकडे उभा सापडतो. नेम तीन अंशांनी चुकला तर २०० यार्डांवर तो दहा यार्ड चुकतो, म्हणजे ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या हिरवळीवरून) थेट बंकरमध्ये.

नेम चुकीचा असला तरी डोळ्यांना लक्ष्य माहीत असतं. मग स्विंगच्या अर्ध्यावर हात स्वतःच चेंडू 'आत ओढायला' बघतात. ही ओढ कधी कमी, कधी जास्त. चुका दोन्ही बाजूंना होऊ लागतात आणि त्यातून स्विंगवरचा विश्वासच जातो. नेम सुधारला की हातांना दुरुस्तीचं काम उरत नाही, म्हणून मनाच्या तपासण्यांआधी ही करायची.

अमेरिकन गोल्फपटू जॅक निक्लॉसची पद्धत सगळ्यात सोपी: चेंडूच्या मागून लक्ष्याकडे बघायचं आणि त्याच रेषेवर चेंडूच्या पुढे हात-दोन हातांवरची एक खूण निवडायची, गवताचा डाग, जुना डिव्हट (क्लबने उखडलेलं गवत), सुकलेलं पान. दीडशे यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा दोन हातांवरच्या पानावर फेस रोखणं केव्हाही सोपं. फेस आधी, पाय नंतर. बरेचजण हे उलट करतात.

चौथी तपासणी: चेंडूमागचा वेळ आणि चेंडूवरचा वेळ

मी पाहिलेल्या बिघाडांपैकी सर्वाधिक इथे सुटले आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

सोबत्याला फोनचं स्टॉपवॉच लावायला सांगा. बॅगेतून क्लब काढल्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा वेळ मोजायचा. काही सोप्या फटक्यांचा आणि काही अवघड फटक्यांचा, समोर पाणी असताना, लोक बघत असताना. कोणता फटका मोजतोय ते त्याने सांगायचं नाही. हौशी खेळाडूंमध्ये साधारण असं दिसतं की मोकळ्या फेअरवेवर वेळ जवळजवळ सारखा असतो आणि अवघड फटक्याला तो एकतर खूप लांबतो, नाहीतर 'एकदाचं होऊन जाऊ दे' म्हणून निम्म्यावर येतो. तसं दिसलं की बिघाड सापडला. तुम्ही दर वेळी वेगळ्या अवस्थेत फटका मारता आणि फटका सारखा यावा अशी अपेक्षा करता.

चेंडूवर स्थिर उभं राहण्याचा वेळ वाढला की स्नायू ताठ होत जातात. आणि रिकाम्या वेळात मन सूचना भरतं. 'पाण्यात नको' ही सगळ्यात वाईट सूचना, कारण ती देताना डोळ्यांसमोर पाणीच उभं राहतं.

उपाय असा. चेंडूच्या दोन पावलं मागे मनात एक रेषा आखा. अंतर, वारा, क्लब, लक्ष्य, चेंडू कसा जाईल त्याचं चित्र, सगळं रेषेच्या मागे. रेषा ओलांडली की निर्णय बंद. पुढे गेल्यावर शंका आली, 'सात नंबर घ्यायला हवा होता का', तर फटका मारायचा नाही. परत मागे यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. सोबती बघताहेत म्हणून माणसं शंका घेऊनच मारतात; कार्डावरचे गोल तिथेच पडतात.

तयारी स्वतःची बनवा. टीव्हीवर दिसलेल्या खेळाडूची उचलू नका, त्याच्या सवयी त्याच्या अंगाच्या आहेत. माझ्याबरोबरच्यांना मी सुरुवातीला हा साचा देते. हातमोज्याचा वेल्क्रो बंद करणं म्हणजे सुरुवात. मागे उभं राहून एक लांब उच्छ्वास. एकच सराव स्विंग, पण हवेत फिरवलेला नव्हे: गवताच्या एका पात्यावर नजर ठेवून, खऱ्या फटक्याच्या जोराने, जमिनीला घासून. पुढची खूण. फेस, मग पाय. लक्ष्याकडे एकदाच बघणं, आणि नजर चेंडूवर परतली की फार न थांबता क्लब मागे. इतकंच. वाईट दिवशीही जमेल इतकी ती छोटी हवी.

वेळेची काळजी नको. २०१९ पासूनच्या गोल्फच्या नियमांत फटका ४० सेकंदांच्या आत खेळावा अशी शिफारस आहे. हा साचा त्याहून पुष्कळ कमी वेळात बसतो.

तो अंगवळणी पाडायला मैदान लागत नाही, ही गोव्यातल्या माणसासाठी मोठी सोय. जून ते सप्टेंबर पाऊस धरून बसला की ओसरीवर, चेंडूशिवाय, रोज दहा मिनिटं पूर्ण तयारी करा: वेल्क्रो, श्वास, खूण, फेस, पाय, नजर, आणि ओसरीवर आढ्याला लागणार नाही असा अर्धा स्विंग. थोड्या आठवड्यांनी परत स्टॉपवॉच लावा. अवघड आणि सोप्या फटक्यांच्या वेळेतला फरक कमी झालेला दिसेल, आणि तो झाला की चुकाही आकसतात. मन शांत झालं का हे मी कोणाला विचारत नाही, वेळ सारखी झाली का एवढंच बघते.

पाचवी तपासणी: स्विंग चालू असताना डोक्यात काय आहे?

फटका मारल्यावर लगेच स्वतःला विचारा, मघाशी काय विचार होता. उत्तर 'डावा हात सरळ, डोकं खाली, कंबर आधी' असं असेल तर तीन मालक एका गड्याला हुकूम देत होते.

डाउनस्विंगला (क्लब वरून चेंडूपर्यंत आणायला) साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. फेस आणि चेंडू एकत्र असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्मं. म्हणजे खाली येताना दिलेली सूचना अंमलात येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. सूचनेने होतं एवढंच की सुरळीत चाललेली हालचाल मध्ये अडखळते.

लक्ष कुठे असावं यावर चांगलं काम झालं आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फच्या छोट्या फटक्यांवर केलेल्या अभ्यासात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक आले. सिअन बायलॉक यांच्या २००४ च्या पटिंगच्या प्रयोगात मुरलेल्या खेळाडूंना वेगाने खेळायला सांगितल्यावर त्यांचे पट सुधारले. नवशिक्यांचे मात्र बिघडले. हा फरक महत्त्वाचा आहे. तुम्ही खेळायला लागून काहीच महिने झाले असतील तर पायऱ्या मोजत, सावकाश शिकणंच योग्य. ही तपासणी सध्या सोडून द्या.

बाकीच्यांनी शरीराबद्दलचे सगळे विचार काढून त्या जागी एक लय ठेवावी. व्यावसायिक खेळाडूंचे व्हिडिओ मोजले तर बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, स्विंग संथ असो वा जलद. आपल्याकडे हे समजावणं सोपं जातं, कारण भजनाला बसलेल्या कोणाच्याही कानात ठेका असतो. चार मात्रांचं छोटं आवर्तन धरा. समेवर क्लब मागे निघतो, चौथ्या मात्रेला वर पोचतो आणि पुढच्या समेवर चेंडूला लागतो. घाई करणारा माणूस तिसऱ्या मात्रेलाच खाली यायला निघतो. हे त्याला 'हळू मार' असं सांगून कळत नाही, मात्रा मोजायला लावलं की लगेच कळतं. वेग तुमचा, प्रमाण तेच. मोठ्याने म्हणायला संकोच नको, सरावात तरी म्हणा.

पटला वेगळं औषध लागतं. जोअन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पट मारणाऱ्यांची नजर मोजली. चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर अधिक काळ स्थिर राहत होती. दोन-तीन सेकंद चेंडूच्या मागच्या कडेवर एका ठिपक्याकडे बघा आणि चेंडू निघून गेल्यावरही नजर क्षणभर त्याच जागी ठेवा. तीन फुटांचा पट भोकात पडला की नाही हे कानाने ऐका.

लक्ष एका जागी ठेवायची सवय मैदानाबाहेर करता येते. पुण्यात जन्मलेला आणि २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी आपल्या विपश्यनेबद्दल मोकळेपणाने बोलला आहे. तुम्हाला तेवढं जमलं नाही तरी सकाळी दहा मिनिटं श्वास मोजत बसणं, आणि मन भरकटलं की रागावून न घेता पुन्हा मोजायला लागणं, याचा उपयोग होतो. रेषेच्या मागे परत येणं हे तेच काम आहे.

सहावी तपासणी: वाईट फटक्यानंतरची दोन मिनिटं

कार्डावर चुका गटाने येत असतील, एकामागोमाग तीन, तर पहिल्या फटक्यात फारसं शोधू नका. ती चूक कोणाचीही होते. तिच्यानंतर काय केलंत ते आठवा. बहुधा ताडताड चालत चेंडूपाशी गेलात, तयारी अर्धीच केली आणि गेलेला फटका वसूल करायला अवघड क्लब काढला.

हातमोजा अंगावर आहे तोवर राग येऊ द्या. वेल्क्रो उघडला की एक वाक्य, तेही नुसती नोंद: "उजवीकडे, घाई." क्लब बॅगेत गेला की विषय संपला. चालताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, काही श्वासांतच नाडी उतरते. मग सोबत्याशी दुसऱ्याच गोष्टीवर बोला. चार तास सलग लक्ष धरून ठेवणं कोणालाच जमत नाही आणि तशी गरजही नाही. वेल्क्रो बंद झाला की चालू, उघडला की बंद. सुंदर फटक्यानंतरही हेच करा. बर्डीनंतरचा (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन संपवलेल्या होलानंतरचा) फटका किती वेळा फसतो ते कार्डावर बघा.

पुढचा फटका दहापैकी सात वेळा जमेल असा निवडा. भारताची गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पदकापासून एका फटक्याने दूर, चौथी राहिली. तिचे ड्राइव्ह बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत होते आणि तरीही चार दिवस ती पुढच्यांना धरून होती, ते शांत पटिंग आणि शहाण्या निवडीच्या जोरावर. जोर नाही म्हणून खेळ अडत नाही.

सातवी तपासणी: सराव कसा करता

इथून पुढे वेळ लागतो, आठवड्यांच्या हिशोबात. नेटसमोर सात नंबरने चाळीस चेंडू एकाच जागी मारले की शेवटचे वीस सुंदर जातात. कारण दर चेंडूला मागच्याची थोडीशी दुरुस्ती होत जाते. मैदानावर तसा दुसरा चेंडू कधीच मिळत नाही. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: सरमिसळ सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या परीक्षेत पुढे गेले.

म्हणून निम्मे चेंडू नेहमीसारखे मारा आणि निम्मे 'मैदानासारखे'. राजबागेचा पहिला होल डोळ्यांसमोर आणा: ड्रायव्हर, मग आयर्न, मग वेज. दर चेंडूला क्लब बदला, पूर्ण तयारी करा, चेंडूंमध्ये मिनिटभर थांबा. चेंडू कमी होतील आणि सराव वाईट झाल्यासारखा वाटेल. तसं वाटणं बरोबर आहे, घाबरून जुन्या पद्धतीकडे जाऊ नका.

आठवी तपासणी: क्लब

पैसे इथे पहिल्यांदा लागतात. धुऊनही ग्रिप गुळगुळीत किंवा कडक लागत असेल तर नवी बसवून घ्या. नियमित खेळणाऱ्याने साधारण वर्षातून एकदा बदलावी, आणि इथल्या हवेत ती टाळू नये. शाफ्टला गंज, हलणारं डोकं, आयर्नच्या खाचांत साठलेली माती बघा. कोणाकडून मिळालेला जुना सेट असेल तर लांबी तुम्हाला जुळते का तेही. नवा ड्रायव्हर मात्र या यादीत नाही. विखुरलेल्या चुका त्याने गोळा होत नाहीत.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

पाठ, कोपर किंवा मनगट दुखत असेल तर या तपासण्या करूच नका. खेळ थांबवा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखणाऱ्या अंगाने केलेला स्विंग दुखणं चुकवायलाच शिकतो. खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली, मळमळलं किंवा घाम येणं अचानक थांबलं तर सावलीत बसा, अंग ओलं करा, मदत बोलवा आणि उशीर न करता दवाखान्यात जा. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारी ढग गडगडले की क्लब ठेवून पक्क्या इमारतीत जा, माडाखाली नको. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवायची मुभा नियमच देतात.

पट मारताना मनगटाला आपोआप झटका बसत असेल, तुमच्या मनाविरुद्ध, तर त्याला यिप्स म्हणतात. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगर १९८५ आणि १९९३ असा दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकला आणि त्यालाही याने पुन्हा पुन्हा गाठलं. पकड बदलून तो मार्ग काढत राहिला. पकड बदलून बघा. तरीही झटका राहिला, किंवा लिहिताना, चमचा धरतानाही तसं होत असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा. काही जणांत याचं मूळ मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमध्ये असतं आणि तिथे श्वासाने काही होणार नाही.

खेळाच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, हात थरथरत असतील, ज्या खेळाची वाट बघायचात तोच टाळावासा वाटत असेल, तर समुपदेशकाशी किंवा क्रीडा मानसशास्त्रज्ञाशी बोला. हे सोबत्यांच्या सल्ल्याने सुटणारं प्रकरण नाही.

आणि पहिल्या सहा तपासण्या दोन महिने प्रामाणिकपणे करूनही कार्डावरची अक्षरं तशीच विखुरलेली असतील, किंवा सगळी एकाच दिशेला जाऊन बसली असतील, तर प्रशिक्षित, प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाकडे जा. गोव्यात तशी सोय जवळ नसेल तर पुण्याला किंवा बंगळुरूला कामासाठी जाल तेव्हा एक तास ठरवा. जाताना कार्डं न्या, स्टॉपवॉचचे आकडे न्या, महिन्यातून किती वेळा खेळायला मिळतं ते खरं सांगा आणि एकच गोष्ट बदलून मागा. दोन व्हिडिओही बरोबर असू द्या: एक समोरून, एक मागून लक्ष्याच्या रेषेत, दोन्हींत फोन हातांच्या उंचीवर आणि दोन्ही मैदानावर घेतलेले, नेटसमोर नव्हे.